फ्लेक्सच्या सावलीतली तूर

पत्रक कसं लिहायचं ते मी एकोणिसाव्या वर्षी शिकले, जळगावात, कॉलेजमागच्या झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या. पहिल्या ओळीत दोषी कोण, दुसरीत मागणी काय, शेवटी तारीख. माणूस पत्रक चालता चालता वाचतो आणि पुढच्या गाडीवर त्यातच भजी बांधून घेतो, त्यामुळे जे सांगायचं ते तेवढ्या अंतरात सांगून झालं पाहिजे. या गोष्टीचं पत्रक मला जमलेलं नाही. चार वेळा बसले. पहिल्या ओळीलाच अडते, कारण दोषींमध्ये मी आहे.

आमचं गाव धरणगाव तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून सव्वा किलोमीटर आत. एसटी आत येत नाही, फाट्यावर सोडते. जळगावला शिकायला जाणाऱ्या आम्ही सात-आठ मुली हिवाळ्यात साडेसातच्या गाडीनं उतरायचो तेव्हा फाट्यावर गुडूप अंधार असायचा. टपरीवर बसलेले दिसायचे नाहीत, त्यांचं बोलणं मात्र ऐकू यायचं. मागचा दिवा नसलेली ट्रॉली अंगावर आल्यावरच कळायची. एकदा कुणीतरी एकीची ओढणी धरली. कुणी धरली ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच आठवड्यात मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता, 'फाट्यावरचा अंधार कुणाच्या सोयीचा?' मागणी होती हायमास्ट दिव्याची. जास्तीत जास्त उंच, जास्तीत जास्त प्रखर, असंच लिहिलं होतं. उजेड कुठे पडावा, किती पडावा, किती वाजेपर्यंत पडावा, यावर एक अक्षर नव्हतं. मीठ-मिरचीला माप असतं, उजेडाला कसलं माप, असं मला वाटायचं. मलाच काय, सगळ्या गावाला वाटायचं.

दीड वर्ष भांडले तेव्हा दिवा आला. बारा मीटरचा खांब, वर लोखंडी कडं, कड्यावर चहूबाजूंना सहा पांढरे दिवे. ग्रामपंचायतीला निधी कमी पडत होता तो धरणगावच्या एका शेठजींनी पुरा केला, म्हणून चौथऱ्यावर त्यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ संगमरवरी पाटी बसली. पहिल्यांदा दिवा लागला त्या संध्याकाळी लोक नुसते तिथे जाऊन उभे राहत होते. पोरं रस्त्यावर पत्ते खेळायला बसली. माझ्या आत्यानं केळीचा अख्खा घड आणून सगळ्यांना वाटला आणि माझ्या पाठीवर थाप मारून सरपंचांना म्हणाली, "हाई हिना दिवा शे." हा हिचा दिवा आहे. मी तेव्हा लाजले नाही.

आत्याला गाव अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हणते. तिचे यजमान, आबा, गेल्यापासून ती एकटी शेती करते, मुलगा सुरतेला असतो. तिच्याकडे एक जुनी तूर होती. होती म्हणू की आहे, ते पुढे सांगते. दाणा बारीक, काळपट तांबडा, शिजायला हट्टी. पण त्या डाळीचं वरण दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. तिच्या सासूनं माहेराहून आणलेलं बी, वर्षानुवर्षं राखेत मिसळून मडक्यात ठेवलेलं. आजूबाजूच्या सगळ्यांनी केव्हाच दुकानातली पिशवी घ्यायला सुरुवात केली, लवकर येणारी, बुटकी. अक्काची तूर माणसाच्या डोक्यावर जायची आणि संक्रांतीनंतरच कापायला यायची. आमच्या पट्ट्यात ते बी दुसऱ्या कुणाकडे नाही. मी विचारत फिरलेय, म्हणून सांगते.

गेल्याच्या गेल्या वर्षी तिनं ती नाल्याकडच्या वावरात पेरली आणि शेंगा भरल्या तसे रानडुकरं आणि रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप उतरले. चार रात्रींत सगळं लोळवलं. हातात आलं ते शेरभरही नव्हतं, त्यातलं निम्मं भुंग्यानं खाल्लं. दरवर्षी अक्का पेरून उरलेलं मूठभर बी घरात ठेवायची. त्या वेळी ठेवायला उरलंच नाही. मग तिनं शहाणपणा केला. फाट्याला लागून तिचा एक लांबट तुकडा आहे, हायमास्टच्या अगदी समोर. "उजेडमा डुक्कर येस नई," ती म्हणाली, आणि होतं नव्हतं ते सगळं बी तिनं त्या उजेडाच्या तुकड्यात पेरलं. गावानं वाहवा केली. मीही केली. मी तर म्हणाले, बघ, दिवा कसा राखणदार झाला.

डुकरं खरंच आली नाहीत.

तूर वाढली ती मात्र बघत राहावी अशी. दसऱ्याला खांद्यावर, दिवाळीला हाताच्या वर. पान काळंभोर, खोड मनगटाएवढं. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "अक्का, हाई तूर शे का शेवगा?" अक्का हसायची. दिवाळी झाली, शेजारच्यांच्या तुरी पिवळ्या फुलांनी झाकल्या, पुढे त्यांच्या शेंगा लोंबल्या. अक्काच्या तुरीला एक कळी नाही. कुणी म्हणालं खत जास्त झालं, कुणी म्हणालं मस्तीला आली, शेंडे खुडा. औषधवाल्यानं एक बाटली दिली, ती मारून झाली, आणखी पानं फुटली. अक्का बांधावर बसून राहायला लागली. माझ्याकडे न बघता म्हणायची, "हाई तूर येडी व्हयी गयी शे, पोरी." आणि मग, थोड्या वेळानं, "बी गयं म्हंजे गयं."

मी तेव्हा जळगावात राहत होते, शनिवार-रविवार यायचे. एका शनिवारी एसटीतून उतरले आणि तुकड्याच्या मधोमध मला पिवळं दिसलं. वावराच्या मधूनच, तिरपा पट्टा, दोन खाटा आडव्या मावतील एवढा सुरू होऊन पुढे रुंद होत गेलेला. त्या पट्ट्यातली प्रत्येक तूर फुललेली, आणि पट्ट्याच्या कडेबाहेर एक फूल नाही. सुरीनं कापावं तशी कड. मी आत शिरले, अक्काला हाका मारल्या. ती म्हणाली तिनं सकाळीच पाहिलं. तिला ती देवीची काहीतरी खूण वाटत होती. तिनं हळदकुंकू वाहिलं होतं.

आम्ही तिथेच उभ्या होतो. दिवस मावळला आणि हायमास्ट पेटला. सगळं वावर एका क्षणात पांढरं झालं, पानाची शीरन्‌शीर दिसायला लागली, आणि त्या पांढऱ्यात तो तिरपा पट्टा तेवढा काळा राहिला. फुलं आता दिसत नव्हती, कारण फुलं बरोबर सावलीत होती. मी सावलीच्या टोकापासून मागे बघत गेले. वावराच्या कडेला, खांब आणि तूर यांच्या मधे, बांबूंवर एक मोठा फ्लेक्स होता. आमच्याकडच्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा. त्याच फ्लेक्सवर गणपती, दसरा आणि दिवाळी, तिन्हींच्या शुभेच्छा, म्हणून तो भाद्रपदापासून कुणी काढला नव्हता. त्या फ्लेक्सच्या सावलीत तूर फुलली होती. बाकी सगळी उजेडात जागी होती.

शेतकी शिकलेल्या माझ्या एका मैत्रिणीला मी तिथूनच फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि जे सांगितलं ते असं, की तूर, सोयाबीन, अशी कितीतरी पिकं रात्र मोजतात. रात्र पुरेशी लांब झाली की त्यांना कळतं आता थंडी आली, फुलायचं. जुन्या उशिराच्या जाती तर याबाबतीत फारच काटेकोर. रात्रभर डोक्यावर दिवा असेल तर त्यांच्या लेखी रात्र होतच नाही, आषाढ सुरूच राहतो. मग ती नुसती वाढतात. मी विचारलं, आता दिवा बंद केला तर? ती म्हणाली लगेच केला तर काहीतरी हाती येईल. पौष लागेपर्यंत रेंगाळलीस तर फूल आलं तरी दाणा भरायचा नाही.

मी अक्काला सांगितलं तेव्हा ती खांबाकडे बघत राहिली. तिला पटायला वेळ लागला नाही. ती एवढंच म्हणाली, "तुन्हा दिवा." तुझा दिवा. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणाले मी आत्ता जाते आणि खांबाची पेटी फोडून बटण बंद करते. खरंच गेलेही असते. अक्कानं हात धरला. तेवढ्यात साडेसातची गाडी आली होती आणि चार मुली उतरून गप्पा मारत, मोबाइलकडे न बघता, मागे वळून न बघता गावाकडे चालल्या होत्या. "बंद नको करू, पोरी," अक्का म्हणाली. "त्या कशा येतीन?"

जिचं बी मरत होतं तिनं हे म्हटलं. कुणी मला सांगू नये की गावातल्या बाईला सार्वजनिक प्रश्न कळत नाहीत.

तर मागणी बदलली. दिवा बंद नको, दिवा वळवा. मी वहीत लिहून काढलं, आणि लिहिताना माझी मलाच चीड आली, कारण यातलं काहीच अवघड नव्हतं. दिवे कड्यावर तिरपे बाहेरच्या बाजूला बसवले होते, त्यामुळे निम्मा उजेड रस्त्यावर पडतच नव्हता, वावरात आणि आभाळात जात होता. ते खाली, रस्त्याकडे करायचे. वर पत्र्याच्या टोप्या घालायच्या. दहाची शेवटची गाडी गेली की सहापैकी चार दिवे आपोआप विझतील असं घड्याळ लावायचं. पांढऱ्याऐवजी पिवळे दिवे लावायचे. रस्ता तेवढाच दिसला असता, कदाचित जास्त, कारण त्या पांढऱ्या झगमगाटात खांबाच्या पलीकडचं काहीच दिसायचं नाही. टपरीवाले आता तिथेच, उजेडाच्या कडेबाहेर बसायला लागले होते. हे मला मुलींनीच सांगितलं होतं.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांच्या खुर्चीमागे माझं जुनं पत्रक फ्रेम करून लावलेलं होतं. त्यांनी मला चहा दिला आणि ऐकून झाल्यावर त्या फ्रेमकडे बोट दाखवलं. म्हणाले, ताई, तुमचंच आहे, वाचा, जास्तीत जास्त प्रखर. ग्रामसभेत मांडा म्हणाले. ग्रामसभेत मांडलं. एक मुलगी उठली, माझ्या पाठीमागे चार वर्षांनी शिकायला लागलेली, आवाज माझ्यासारखाच चढा. "म्हणजे अक्काच्या वरणासाठी आम्ही पुन्हा अंधारातून यायचं का?" लोक हसले. मी वहीतलं सगळं सांगितलं. मुलगी हुशार होती, तिनं नीट ऐकलं आणि म्हणाली रस्त्यावरचा उजेड कमी होणार नसेल तर आमची हरकत नाही. ठराव झाला. मला वाटलं जिंकलो. घरी येऊन अक्काला सांगितलं, आठवडाभरात होईल.

ग्रामसेवकांनी ठराव हातात देताना सांगितलं की दिव्याची देखभाल ठेकेदाराकडे, ठेकेदार धुळ्याचा. फोन उचलत नाही.

मग मी शेठजींकडे गेले. पाटी त्यांच्या आईची होती, त्यांचं कुणीतरी ऐकेल. जाताना मला काय सुचलं कुणास ठाऊक, हायमास्टच्या चौथऱ्याखाली रोज सकाळी मेलेल्या किड्यांचा सडा पडतो तो मी केरसुणीनं गोळा केला आणि पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात भरून नेला. पतंग, नाकतोडे, भुंगे, ज्यांची नावं मला माहीत नाहीत असे हिरवे पंखवाले. एका रात्रीचे. थंडीतले, म्हणजे कमी. पावसाळ्यात खोकं पुरलं नसतं.

शेठजी जेवायला बसले होते. सूर्य मावळायला थोडा अवकाश होता, त्यांच्याकडे त्यानंतर कुणी पाणीही घेत नाही. ताट समोर असलेल्या माणसापुढे मी खोकं उघडलं. आता वाटतं, क्रूरपणा झाला. तेव्हा मला अक्काच्या मडक्याशिवाय काही दिसत नव्हतं. मी सांगितलं, हे तुमच्या आईच्या पाटीवर पडतात. रोज.

त्यांनी खोक्यात बराच वेळ पाहिलं. ताट बाजूला सरकवलं.

"आम्ही दिवेलागणीनंतर का जेवत नाही, माहीत आहे बेटा? दिव्यावर जीव येतात, ताटात पडतात, मरतात. म्हणून," ते म्हणाले. "आई शेवटच्या दिवसापर्यंत पाणी गाळून प्यायली."

माझ्यासमोर त्यांनी ठेकेदाराला फोन लावला आणि त्यांचा फोन उचलला गेला. टोप्यांचा खर्च मी करतो म्हणाले. पलीकडून जे सांगितलं ते ऐकून त्यांनी फोन कानापासून लांब धरला, मलाही ऐकू यावं म्हणून. दिवे वळवायला कडं खाली उतरवावं लागतं. कडं उतरवायला खांबाच्या पोटात दोरखंडाची चरखी आहे, ती फिरवायला लोखंडी हँडल लागतं. हँडल आहे, पण ते एकच आहे आणि ते धुळ्याला आहे.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याला गेले. ठेकेदाराचं गोदाम शहराबाहेर, आत सगळीकडे दिवेच दिवे, खोक्यांत, उघडे, उलटे ठेवलेले. सुपरवायझर चांगला माणूस होता. त्यानं बसायला खोकंच दिलं. तो म्हणाला एवढ्या वर्षांत लोक दिवा लावा म्हणून येतात, मोठा लावा म्हणून येतात, आमच्या दाराकडे फिरवा म्हणून येतात. "उजेड कमी करा म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच." हँडल साक्रीकडच्या गाडीत गेलं होतं. आलं की पाठवतो. मी म्हणाले मी बसते. तो म्हणाला परवा येईल. मी विचारलं, तुमच्या सगळ्या खांबांना एक हँडल? तर म्हणाला, ताई, दिवा एकदा वर गेला की खाली आणायला कोण सांगतं?

परवा आलं नाही. मी चार वेळा धुळ्याला गेले. एकदा हँडल शिरपूरला होतं. एकदा हँडल होतं पण माणूस लग्नाला गेला होता. एकदा वरच्या कार्यालयाचं पत्र हवं म्हणाले. ते कार्यालय म्हणालं दिवा चालू आहे ना, मग तक्रार काय. अर्जाला रकाना होता तो 'दिवा बंद असल्याबाबत'. दिवा चालू असल्याबाबत रकाना नव्हता. मी त्या बाबूंशी भांडले. कागद फेकला. त्यांनी तो उचलून मला परत दिला. मार्गशीर्ष सरत होता आणि मी एसटीच्या खिडकीतून दुसऱ्यांच्या तुरी कापून होताना बघत होते.

या सगळ्यात एक गोष्ट बरी होती, तो पिवळा पट्टा. अक्का दिवसभर तिथेच असायची. फुलं गळून कोवळ्या शेंगा धरल्या होत्या. अळी फार होती, दिव्यावर पतंग येतात आणि जाता जाता शेंगांवर अंडी घालतात. अक्का एकेक शेंग उलटून अळी वेचायची, जणू पोराच्या डोक्यातल्या उवा.

धुळ्याच्या तिसऱ्या फेरीवरून परत आले तर फ्लेक्स नव्हता. नुसते बांबूंचे खड्डे. मी धावत ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक खूश होते. म्हणाले, दिव्याचं आमच्या हातात नाही, पण तुमची दुसरी तक्रार दोन वर्षं पडून होती ना, फाट्यावर लागणाऱ्या बेकायदा फ्लेक्सची, ती आज निकाली काढली. सही करा.

ती तक्रार माझीच होती. भाषा कडक होती. 'आठ दिवसांत न हटवल्यास' असं शेवटी लिहिलेलं होतं.

मी सही केली नाही. तिथल्या बाकावर बसून मी रडले, मोठ्यांदा, आणि ग्रामसेवकांना कळेना की फ्लेक्स काढल्यावर आंदोलनवाली पोरगी का रडते. त्यांनी पाणी आणून दिलं. मी सगळं सांगितल्यावर त्यांचाही चेहरा पडला. फ्लेक्स फाडून कुणीतरी गुरांच्या गोठ्यावर घातला होता.

त्या संध्याकाळी अक्का आणि मी तिच्या पेटीतल्या साड्या काढल्या. जाडजूड, गडद रंगाच्या. त्याच खड्ड्यांत बांबू रोवले आणि साड्या दुहेरी करून बांधल्या. केळीला उन्हाळी झळ लागू नये म्हणून बागेच्या कडेला हिरवी जाळी बांधतात, तशीच अक्कानं गाठ मारली. सावली पडली, पण फिकी, आणि वारा आला की हलणारी. फ्लेक्स ताठ होता, साडी ताठ राहत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी विचारलं, अक्का, काय लगीन शे का? अक्कानं साडीचं टोक दगडाखाली दाबलं आणि म्हणाली, "हा. तुरीनं लगीन." तुरीचं लग्न. नंतर ती आत घरी गेली आणि माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

हँडल पौषात आलं. शेठजींनी टोप्या बनवून ठेवल्याच होत्या. सुपरवायझर स्वतः आला, चरखी फिरवली, कडं कुरकुरत खाली आलं. त्यानं पान्यानं वावराकडचे दिवे रस्त्याकडे वळवले, टोप्या घातल्या, घड्याळ लावलं. दिव्यांच्या काचा उघडल्या तर आतून ओंजळी ओंजळीनं किडे पडले. चहा पिऊन सगळं मिळून दीड तास. त्या दीड तासासाठी एक अख्खं हिवाळ्याचं पीक गेलं. कडं परत वर गेलं, अंधार पडला, दिवा लागला, आणि पहिल्यांदा अक्काच्या वावरात रात्र झाली. रस्ता नीट दिसत होता. मुली उतरल्या आणि गेल्या, त्यांना बदल कळलाही नाही. मी ग्रामसभेतल्या त्या मुलीला विचारलं, ती म्हणाली उलट डोळ्यांवर येत नाही आता.

तूर ते मानायला तयार नव्हती. पंधरा-वीस दिवसांनी तिला थोड्या कळ्या आल्या, तेवढ्यात ऊन तापलं, कळ्या गळल्या. अक्कानं फाल्गुनात सगळी कापली. एवढ्या जाड तुराट्या कुणी पाहिल्या नव्हत्या, लोकांनी कुंपणाला मागून नेल्या. पट्ट्यातल्या शेंगा तिनं वेगळ्या ठेवल्या, हातानं सोलल्या. निम्म्या अळीनं पोखरलेल्या. काही दाणे भरलेच नव्हते, चपटे. सुपात पाखडून जे राहिलं ते तिनं वाटीत ओतलं. वाटी भरली नाही. मी म्हणाले थोडे ओल्या फडक्यात घालून उगवतात का बघू. अक्का म्हणाली, तपासण्यात गेले तर पेरायचे कोणते. त्यातले किती जिवंत आहेत ते आम्हाला आजही माहीत नाही. राख मिसळून मडक्यात आहेत.

आता प्रश्न राहिला पेरायचं कुठे. फाट्याचा तुकडा आता काळोखात आहे, पण घड्याळ बिघडलं तर? ते दोनदा बिघडून झालं. हँडल धुळ्याला आहे. नाल्याकडच्या वावराशेजारी डुकरांसाठी म्हणून शेजाऱ्यानं या उन्हाळ्यात सौरदिवा लावला, त्याच्या कौतुकात माझंच उदाहरण दिलं. म्हणून परवा संध्याकाळी अक्का आणि मी चालायला निघालो, जागा बघायला. अशी जागा, जिथून एकही दिवा दिसत नाही.

दिवस मावळत होता. एकेक दिवा पेटत गेला. कापसाच्या जिनिंगचा, ढाब्याचा, पेट्रोल पंपाचा, मंदिराच्या कळसाला गुंडाळलेल्या माळा, टॉवरचा लाल. कुठेही उभं राहिलं की अक्का हात लांब करून बोटानं दाखवायची, हा एक, हा एक. पूर्वेला जळगावच्या बाजूचं आभाळ तर चंद्र उगवणार असल्यासारखं पांढरं, आणि चंद्र उगवायचा नव्हता. मी जिल्हाभर पत्रकं वाटत फिरले, गावोगाव हायमास्टचे नारळ फुटताना टाळ्या वाजवल्या. त्यांतला कुठला उजेड माझा आणि कुठला दुसऱ्याचा हे मला त्या आभाळात ओळखता येईना.

तास-दीड तासानं आम्ही एका जुन्या खदानीच्या खालच्या बाजूला उतरलो. तिन्हीकडून दरड, चौथ्या बाजूला बाभळी. तिथे एकदम काळोख लागला, असा की अक्काचा चेहरा दिसेना. तिनं सगळीकडे वळून पाहिलं. एक दिवा नाही. ती वाकली, मूठभर माती उचलून बोटांत चुरली. मग एका दगडावर बसली.

"हाई वावर कोनं शे?"

ती बसली होती तो दगड मी मोबाइलच्या उजेडात पाहिला होता. पिवळा रंगवलेला, वर काळा आकडा. बाह्यवळणाच्या मोजणीवाल्यांचा. रस्ता इथून जायचा आहे, आणि रस्ता आला की खांब येतात.

"रस्त्याचं," मी म्हणाले.

तिनं बोटांतली माती खाली सोडली. "कवय?" कधी?

"माहीत नाही. एखादं वर्ष. दोन."

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली, लुगड्याची माती झटकली.

"मंग यंदा ते पेरसूत," ती म्हणाली. मग यंदा तरी पेरू.